सेप्टिक टँक तुंबली? टँकर बोलावण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते ओळखा

मुंबई म्हटली की घरोघरी पालिकेची मलवाहिनी असणार, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मढ, मनोरी, गोराईकडची घरे, गावठाणांतली आणि कोळीवाड्यांतली कित्येक जुनी घरे, वस्त्यांतली अनेक सार्वजनिक शौचालये आणि वसई-विरारकडच्या कितीतरी इमारती आजही सेप्टिक टँकवरच चालतात. टाकी तुंबली की टँकरवाल्याला फोन जातो. टाकी उपसली जाते, पैसे दिले जातात आणि तीन-चार आठवड्यांत संडासातले पाणी पुन्हा वर येते. मग टँकरवाल्याने अर्धीच उपसली असेल, असा संशय घेतला जातो.

दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. टँकर फक्त गाळ काढतो. बिघाड पाइपात, शोषखड्ड्यात किंवा टाकीत शिरणाऱ्या पावसाच्या पाण्यात असेल, तर टाकी दर महिन्याला उपसली तरी काही फरक पडणार नाही. म्हणून आधी तपास आणि मग टँकर, हा क्रम पाळा.

टाकीचे काम थोडक्यात

घरातला मैला टाकीत येतो. जड भाग तळाशी बसतो, तो गाळ. तेल, चरबी आणि हलका भाग वर तरंगतो, ती साय. मधले तुलनेने स्वच्छ पाणी आउटलेटच्या, म्हणजे बाहेर जाण्याच्या वाटेच्या, 'टी' आकाराच्या पाइपातून शोषखड्ड्यात जाते आणि जमिनीत मुरते. हा टी पाइप सायीच्या बराच खाली बुडलेला असतो, म्हणून साय बाहेर पडत नाही. तो तुटला की सगळे गणित बिघडते.

आय.एस. २४७० या भारतीय मानकानुसार पाच माणसांच्या घरासाठी टाकी आतून १.५ मीटर लांब आणि ०.७५ मीटर रुंद असते आणि तीत पाण्याची खोली सुमारे १ मीटर असते. म्हणजे जेमतेम १,१०० ते १,२०० लिटर. गावठाणातल्या घरावर मजले चढले, राहणारी माणसे पाचाची बारा झाली, पण टाकी तीच राहिली, असे फार ठिकाणी दिसते. अशी टाकी तक्रार करणारच.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सेप्टिक टँक आउटलेटच्या पातळीपर्यंत कायम भरलेलीच असते. टँकरने उपसल्यावर काही दिवसांतच ती पुन्हा भरते आणि तसेच व्हायला हवे. 'झाकण उघडले तर टाकी भरलेली दिसली' एवढ्यावरून ती बिघडली असे ठरत नाही. पाहायचे असते ते पातळी आउटलेटच्या वर आहे की खाली, आणि आत गाळ किती साठला आहे.

घरातल्या खुणा

एकच संडास तुंबतो आणि बाकीचे नीट वाहतात? मग टाकीचा संबंध नाही. त्या कमोडच्या ट्रॅपमध्ये (पाणी धरून वास अडवणाऱ्या वळणात) किंवा तिथून निघालेल्या पाइपात चोकअप आहे. प्लंबरला बोलवा.

तळमजल्यावरचे सगळेच हळू वाहते, फ्लश केल्यावर बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज येतो, वरच्या मजल्यावर पाणी सोडले की खालच्या कमोडमधली पातळी हलते, अशा वेळी अडथळा मुख्य पाइपात किंवा त्याच्या पुढे आहे. ही गुडगुड दुर्लक्षित करू नका. अडकलेली हवा वाट शोधत असते आणि पाणी उलटण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून हा आवाज ऐकू येतो.

वास नेमका कुठून येतो तेही पाहा. मे महिन्यात महिनाभर गावाला जाऊन आल्यावर घरात मैल्याचा वास येत असेल, तर बहुधा नहाणी ट्रॅपमधले पाणी आटलेले असते. प्रत्येक ट्रॅपमध्ये एक-एक बादली पाणी ओता, वास थांबेल. वास बाहेर, खिडकीतून येत असेल, तर टाकीतले वायू वर सोडणारा व्हेंट पाइप तपासा. टाकी इमारतीपासून १५ मीटरच्या आत असेल, तर हा पाइप इमारतीच्या माथ्यापेक्षा सुमारे २ मीटर उंच असायला हवा. शेजारच्याने मजला वाढवला आणि तुमच्या व्हेंटचे तोंड त्याच्या खिडकीसमोर आले, तर तक्रार रास्त आहे. पाइप वाढवा. त्याच्या तोंडाला बारीक जाळीही बसवा. हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतात आणि व्हेंटमधून बाहेर पडतात.

टाकीच्या किंवा शोषखड्ड्याच्या वरची जमीन कोरड्या दिवसांतही ओलसर राहणे, तिथे गवत इतर जागेपेक्षा हिरवेगार आणि दाट असणे, पावलाखाली माती दबणे, या शोषखड्डा भरल्याच्या खुणा आहेत.

चेंबर उघडून पाहा

घर आणि टाकी यांच्या मधल्या चेंबरचे झाकण उघडा. त्यासाठी दोन माणसे घ्या आणि लोखंडी सळईचा आकडा वापरा. संडास तुंबलेला असताना चेंबर कोरडे असेल, तर अडथळा घराकडच्या पाइपात आहे. चेंबर भरलेले असेल, तर अडथळा चेंबरच्या पुढे आहे, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या पाइपात किंवा खुद्द टाकीत. चेंबर एकापेक्षा जास्त असतील, तर एकेक उघडत पुढे जा. शेवटचे भरलेले आणि पहिले कोरडे चेंबर यांच्यामध्ये चोकअप सापडतो.

जुन्या घरांत हा पाइप बहुधा चिनी मातीचा असतो. त्याच्या सिमेंटच्या सांध्यांतून पिंपळाची मुळे आत शिरतात आणि तिथे कपडा, केस, पॅड अडकत जातात. प्लंबरची स्प्रिंग घालून मुळे तोडली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा येतील, म्हणून तेवढा तुकडा पीव्हीसीचा करून घ्यावा. पाइप बदलताना उतार मोजून घ्या. १०० मिलिमीटरच्या पाइपाला दर ४ मीटरला ७ ते १० सेंटिमीटर उतार हवा. उतार कमी पडला तर मैला वाटेतच बसतो.

टाकीचे झाकण उघडण्याआधी

टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण हवेतले त्याचे प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) आसपास गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. 'आता वास नाही, म्हणजे गॅस गेला' या समजुतीने माणसे मरतात. प्रमाण त्याहून बरेच वाढले तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. मिथेन पेट घेतो. मेणबत्ती किंवा पेटता कागद आत सोडून गॅस तपासण्याची जुनी पद्धत स्फोट घडवू शकते. ती कधीही वापरू नका, कोणाला वापरू देऊ नका.

तेव्हा एकट्याने झाकण उघडू नका. उघडल्यावर किमान अर्धा तास दूर थांबा आणि मग वारा पाठीवर घेऊन उभे राहा. तोंडावर वाकून आत डोकावू नका, टॉर्च उभ्यानेच मारा. सिगारेट-विडी लांब ठेवा. मुले आणि पाळीव जनावरे घरात असू द्या.

कोणीही टाकीत उतरणार नाही. तुम्ही नाही, प्लंबर नाही, 'दोन मिनिटांत साफ करून देतो' म्हणणारा मजूरही नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा ठरवले आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गटार वा टाकी साफ करताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण कायदा नसता तरी उत्तर हेच असते. आपल्या घरातली घाण काढण्यासाठी कोणाचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क आपल्याला नाही.

कोणी आत पडलेच, तर मागोमाग उतरू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि तिघेही जातात, असे वारंवार घडले आहे. अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा, वरूनच दोर सोडा आणि आजूबाजूच्यांना तोंडापासून लांब ठेवा.

पातळी काय सांगते

आउटलेटकडचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहा. पातळी आउटलेट पाइपाच्या तळाशी जुळत असेल, तर वाट मोकळी आहे. त्याहून वर असेल, तर पाणी पुढे जात नाही, म्हणजे आउटलेट चोक झाला आहे किंवा शोषखड्डा भरला आहे. आउटलेटच्या खाली असेल आणि टाकी नुकतीच उपसलेली नसेल, तर टाकी गळते आहे. ही तिसरी स्थिती सगळ्यांत फसवी. घरात काहीच त्रास जाणवत नाही आणि मैल्याचे पाणी मात्र शेजारच्या विहिरीकडे किंवा जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीकडे मुरत राहते.

खात्री करायची असेल, तर रात्री सगळे पाणी बंद केल्यावर बांबूने पातळी मोजून खूण करा आणि सकाळी, कोणी फ्लश करण्याआधी, पुन्हा मोजा. पातळी उतरली तर गळती आहे. पावसाळ्यात ती वाढली तर बाहेरचे पाणी आत येते आहे. गंमत नव्हे, एकच तडा दोन्ही कामे करतो: मे महिन्यात मैला बाहेर सोडतो आणि जुलैमध्ये भूजल आत घेतो.

आता गाळ मोजा. अडीच मीटरच्या बांबूच्या टोकाला मीटरभर पांढरे जुने टॉवेल घट्ट गुंडाळा, आउटलेटजवळ तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटे स्थिर धरा आणि सावकाश वर काढा. काळा डाग जिथवर आहे तेवढा गाळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत पोचले असतील, तर उपसायची वेळ आली आहे. १ मीटर खोलीच्या टाकीत ही मर्यादा साधारण ३३ सेंटिमीटर होते. हे काम टँकरवाल्या माणसांकडून त्यांच्या हातमोज्यांसह करून घेणे अधिक बरे. टॉवेल पिशवीत बांधून टाकून द्या. पुरेशा मोठ्या टाकीला दोन-तीन वर्षांनी उपसा लागतो. माणसे जास्त आणि टाकी लहान असेल तर दरवर्षी.

पाऊस पडला की टाकी भरते

मुंबईत या तक्रारीचे निदान अनेकदा चुकते. उन्हाळ्यात सगळे ठीक असते आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून संडास उलटू लागतो. अशा वेळी गाळाला दोष देण्याआधी गच्चीचे पाइप तपासा. जागा वाचवायला किंवा गटार लांब पडते म्हणून पावसाचा पाइप सेप्टिकच्या चेंबरला जोडलेला असतो. हिशेब करून पाहा. ५० चौरस मीटर गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी होते आणि मुंबईत असा दिवस पावसाळ्यात विरळा नाही. १,२०० लिटरच्या टाकीतून ते धावत गेले, तर तळाचा गाळ ढवळून थेट शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा खराब होतो. हा जोड आजच तोडा आणि पावसाचे पाणी स्वतंत्र पन्हाळीतून पावसाळी गटारात सोडा.

दुसरे कारण म्हणजे अंगणातले पाणी झाकणातून आत शिरणे. अंगणात लाद्या बसवताना झाकणे जमिनीच्या पातळीत किंवा त्याखाली जातात. चेंबरच्या भिंती विटांनी उंच करून झाकण १० ते १५ सेंटिमीटर वर आणा आणि कडा गवंड्याकडून बंद करून घ्या.

तिसरे कारण घरमालकाच्या हातात नसते. खाडीकाठी आणि समुद्रकाठी पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्डा आधीच भरलेला असतो. भरतीच्या वेळी त्रास वाढतो आणि ओहोटीला कमी होतो, असे दिसले तर हेच कारण धरा. तिथे आणखी खोल खड्डा खणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. उथळ आणि पसरट व्यवस्था, जमिनीवर भर घालून केलेला शोषण-थर किंवा टाकीनंतर खालून वर वाहणारी खडीची गाळणी, असे पर्याय जागा पाहून अभियंत्याकडून ठरवून घ्यावे लागतात. पुढचे महिने निभावायला पाण्याचा वापर कमी करा. गळका फ्लश दिवसाला शेकडो लिटर पाणी टाकीत ढकलू शकतो. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घाला, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग दिसला तर वॉशर बदला.

शोषखड्डा थकला असेल तर

खड्ड्याच्या भिंतींवर चिकट काळा थर चढतो आणि पाणी मुरेनासे होते. ॲसिड ओतून तो निघत नाही. खड्डा उपसून कोरडा ठेवला तर काही महिन्यांत थोडा सावरतो. म्हणून जागा असेल तर दोन खड्डे करून आलटून-पालटून वापरणे हा उत्तम उपाय. नवा खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवा. गावठाणात एवढी जागा मिळतच नाही, आणि म्हणूनच तिथल्या विहिरींचे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये.

टँकर येतो त्या दिवशी

फेब्रुवारी ते मे हा उपशाचा योग्य काळ. पाऊस सुरू झाला की टँकर मिळणे कठीण होते आणि उपसाही धोक्याचा ठरतो. फोनवरच विचारून घ्या: यंत्राने उपसता ना, पाइप किती लांब आहे, मैला कुठे रिकामा करता? गल्ली अरुंद असेल तर रस्त्यापासून टाकीपर्यंतचे अंतर आधी मोजून सांगा. मैला पालिकेने ठरवलेल्या ठिकाणीच जायला हवा. नाल्यात किंवा कांदळवनात सोडणारा टँकर स्वस्त पडला तरी परत पाठवा. कांदळवनात सोडलेली घाण भरतीबरोबर पसरते आणि तिथेच कोळी माणसे मासे आणि कालवे काढतात. मैला उपशाची सोय किंवा परवानाधारक टँकर यांबद्दल मुंबई पालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा तिच्या १९१६ या हेल्पलाइनवर विचारता येते.

टाकीला दोन कप्पे असतील, तर दोन्ही उपसून घ्या. नुसते वरचे पाणी ओढून टँकर भरतो आणि गाळ तळाशी तसाच राहतो, म्हणून उपशाच्या शेवटी पुन्हा बांबू घालून पाहा. तळाचा दोन-तीन सेंटिमीटर गाळ राहू द्या, त्यातले जिवाणू पुढचे काम सुरू करतात. टाकी घासून वा फिनेलने धुवून काढायची नसते.

उपसा चालू असताना आउटलेटकडे लक्ष ठेवा. शोषखड्ड्याकडून पाणी उलट टाकीत वाहत येत असेल, तर खड्डा भरलेला आहे आणि टँकरने तुमचा प्रश्न सुटलेला नाही. इनलेट आणि आउटलेटचे दोन्ही टी पाइप जागेवर आहेत का, मधली भिंत धड आहे का, स्लॅबच्या आतल्या बाजूचे सिमेंट गळून सळ्या दिसतात का, हे वरूनच टॉर्चने पाहून मोबाइलवर फोटो काढा. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे स्लॅब आतून खाल्ला जातो. सळ्या दिसत असतील तर त्यावर गाडी उभी करू नका, मुलांना खेळू देऊ नका आणि स्लॅब बदलून घ्या.

उपसल्यावर टाकी लगेच साध्या पाण्याने आउटलेटपर्यंत भरा. भूजल वर असताना रिकामी टाकी खालून उचलली जाते. दर घनमीटरला सुमारे एक टन जोर लागतो. प्लॅस्टिकच्या आणि फायबरच्या टाक्या तर जमिनीतून वर येतात आणि पाइप तुटतात. भर पावसाळ्यात अगदीच नाइलाज झाला, तर निम्माच उपसा करा आणि उरलेला कोरड्या दिवसांवर ठेवा.

मैला घरात किंवा अंगणात आला तर

घरातले सगळे नळ आणि फ्लश थांबवा. वरच्या मजल्यावरच्यांनाही सांगा, कारण त्यांचे पाणी खालच्यांच्या घरात येते. गमबूट आणि रबरी हातमोजे घालून घाण काढा. मग लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घेऊन ते पाणी फरशीवर अर्धा तास राहू द्या. त्यात ॲसिड किंवा दुसरा क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पायाला जखम असताना त्या पाण्यात गेलेल्याला पुढच्या दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

जमिनीखालची पाण्याची टाकी जवळ असेल, तर पंप लगेच बंद करा. पाण्याला वास किंवा गढूळपणा नसला तरी ते तपासून घेईपर्यंत खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. कावीळ आणि टायफॉइड अशाच पाण्यातून येतात.

टाकीत काय जाऊ नये

सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, कंडोम, केस, नारळाची शेंडी, निर्माल्य, तळणाचे तेल, चहाचा चोथा, कोलंबीची साले आणि माशांचे खवले. पॅडमधली जेल पाणी शोषून फुगते आणि टी पाइपात बसते. संडास धुवायला थोडे क्लीनर चालते, पण बाटल्याच्या बाटल्या ॲसिड किंवा फिनेल ओतल्यास गाळ पचवणारे जिवाणू मरतात. जिवाणूंची पावडर, यीस्ट किंवा शेण टाकायची गरज नाही. मैल्यातून पुरेसे जिवाणू रोज येतात आणि साठलेला गाळ कोणतीही पावडर नाहीसा करत नाही.

मलवाहिनी जवळ आली असेल तर

रस्त्यात पालिकेची मलवाहिनी टाकली गेली असेल, तर टाकीवर पुन्हा खर्च करण्याआधी विभाग कार्यालयात जोडणीबद्दल विचारा. अर्ज आणि काम परवानाधारक प्लंबरमार्फत करा. जोडणी झाल्यावर जुनी टाकी तशीच सोडू नका. यंत्राने पूर्ण उपसून घ्या, इनलेट आणि आउटलेट बंद करा, पाणी साचू नये म्हणून बाहेरूनच यंत्राने तळाला भोके पाडून घ्या आणि मग वाळू किंवा मुरूम थराथराने दाबून टाकी वरपर्यंत भरा. स्लॅब कमजोर असेल तर तो आधी तोडून काढा. भरलेल्या टाकीची जागा घराच्या नकाशावर खूण करून ठेवा, पुढे कोणी तिथे पाया खणायला घेतला तर त्याला ते कळायला हवे.